मगदुमांची गाडी झोपत नव्हती

आण्णांनी बटण सातव्यांदा दाबलं. आधीच्या सहा वेळांसारखीच गाडीनं आतल्या आत टिकटिक केली, काचेमागची लाल अक्षरं एकदा लुकलुकली आणि सगळं पुन्हा काळं झालं.

"काय म्हणतीया?" आण्णांनी मला विचारलं.

"बॅटरी उतरलीय, आण्णा."

"परत?"

"परत."

त्यांनी माझ्यावरची नजर काढली आणि रावसोवर नेऊन ठेवली. रावसो शिंगाडे त्यांचा ड्रायव्हर. एकोणीस वर्षं या घरातली गाडी त्याच्याच हातात होती, अगदी जुन्या जीपपासून. त्या दिवशी त्यानं नवा पांढरा शर्ट घातला होता आणि तो पोर्चच्या खांबाजवळ खाली मान घालून उभा होता. त्याच्या जागी मीही तसाच उभा राहिलो असतो, आणि लोकांनी मलाही चोर समजलं असतं.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. जानेवारीतली सकाळ, सव्वासहाची वेळ. भूपालआण्णा मगदूम म्हणजे इचलकरंजीतलं वजनदार नाव. सुताला खळ लावायचा, म्हणजे सायझिंगचा, त्यांचा मोठा कारखाना होता आणि कारखान्याच्या सगळ्या गाड्यांची वायरिंगची कामं माझ्याकडं होती. ही काळी गाडी मात्र वर्षभरापूर्वी आलेली, परदेशी बनावटीची. बसायला पलंगासारखी, उंचीला ट्रॅक्टरएवढी. हिला किल्ली खुपसायची सोय नव्हती. किल्ली खिशात असली की नुसतं बटण दाबायचं. आल्यावर दोन महिने सगळं गाव तिच्याकडं वळून बघत होतं. भाद्रपदापासून ती मनाला येईल तेव्हा बंद पडायला लागली. ही सातवी खेप होती.

पण आधीच्या सहा खेपा आणि ही खेप यात फरक होता. नदीपलीकडच्या गावात नवं जैन मंदिर झालं होतं आणि मूर्तीच्या प्रतिष्ठेची पंचकल्याणक पूजा चालू होती. त्या पूजेत एका जोडप्याला इंद्र-इंद्राणीचा मान मिळतो. त्या वर्षी तो मान आण्णा आणि पद्मावहिनींना होता. आज तीर्थंकरांच्या जन्माचा, म्हणजे जन्मकल्याणकाचा दिवस, साडेसातला मिरवणूक, इंद्राला हत्तीवर बसायचं. आण्णा केशरी सोवळं नेसून, गळ्यात मोत्यांच्या माळा घालून ड्रायव्हरच्या सीटवर बसले होते आणि सोनेरी मुकुट त्यांनी मांडीवर धरला होता. घरातली दुसरी गाडी पाहुण्यांना घेऊन पहाटेच पुढं गेली होती.

कारखान्यातून सुताची पोती वाहणारा छोटा हत्ती, म्हणजे तो लहानसा टेंपो, मागवला. त्याच्या बॅटरीला वायरी जोडून मी दोनदा प्रयत्न केला. पण त्याची ती एवढीशी बॅटरी या धुडाला काय उचलणार. सात वाजायला आले तसं आण्णा खाली उतरले.

"मी ह्याच्यातनंच जातो," ते म्हणाले.

"आण्णा, मी चालवतो," रावसो पुढं झाला.

"तू न्हाई. तू इथंच थांब. आल्यावर तुझं बघतो."

कारखान्यातला माणूस टेंपोच्या स्टेअरिंगवर बसला. आण्णा त्याच्या शेजारी, मुकुट मांडीवर. मागं सतरंजी अंथरली आणि इंद्राणीच्या पोशाखातल्या वहिनी त्यांच्या दोन नणंदांबरोबर तिथं बसल्या. हसू येण्यासारखंच होतं सगळं, पण हसायची कुणाची छाती नव्हती.

निघण्यापूर्वी आण्णांनी मला खिडकीपाशी बोलावलं आणि आवाज खाली आणला.

"उद्या शोरूमची माणसं यायच्या आधी ते काढून ठेव. रावसोच्या नजरेला पडता कामा नये."

"होय आण्णा."

मी मागं फळी लावायला गेलो, तर वहिनी पदर सावरत वाकल्या.

"दस्तगीरभाऊ, तेवढं ते काढून ठेवा. ह्यांना कळायला नको."

"होय वहिनी."

टेंपो फाटकातून बाहेर गेला. मी आणि रावसो पोर्चमध्ये उरलो. तो गाडीला टेकला नाही. त्या गाडीला कुणीही टेकलेलं आण्णांना चालत नसे आणि आण्णा नसतानाही रावसो ते पाळायचा.

"माझं दिवस भरलं आता," तो म्हणाला.

"काय भरलं? सकाळी सकाळी काहीतरी बोलू नकोस."

"तुला म्हाईत न्हाई. सोमवारी कारखान्यात सगळ्यांसमोर म्हणाले, चौगुल्यांनी ह्याला फितवलाय. पूजेच्या दिवशी मगदुमांची फजिती करायची असं ठरलंय त्यांचं. आणि आज बघ."

चौगुले म्हणजे आण्णांचे धंद्यातले वैरी. त्यांचं सायझिंग याच रस्त्यावर पुढं होतं. आधी भागीदारी, मग भांडण, मग बोलणं बंद, असा नेहमीचा प्रकार.

"आता हाकलणार मला," रावसो म्हणाला. "नुसतं हाकललं असतं तरी चाललं असतं. पण गाडी मुद्दाम बंद पाडतो असं नाव लागलं, तर ह्या गावात कोण हातात किल्ली देणार? बंगल्यामागची राहायची खोलीबी जाणार. दस्तगीर, तू सांग की त्यांना. तुझं ऐकत्यात. गाडीतच खोट हाय म्हणून सांग."

"बघू. आधी बघू तर दे."

"मी तू सांगितल्यागत सगळं करतो. पहाटे चारला उठून लायटी बघतो, दारं बघतो. तीन तीनदा बघतो. तरी बंद पडतीया. मी नसताना कोण तर हात लावत असंल. वॉचमनवर माझा डोळा हाय. परवा रात्री हातातली बॅटरी मारत फिरत होता गाडीभोवती."

"वॉचमन बॅटरी घेऊनच फिरणार, लेका."

"पण माझ्याच गाडीभोवती कशाला?"

माझा स्वभावही संशयीच. आमच्या धंद्यात तसं असावंच लागतं; प्रत्येक वायर दोषी धरायची आणि मीटरनं ती सुटली की मग सोडायची. माणसांच्या बाबतीत मात्र मी असला मीटर कधी लावला नाही. त्या क्षणी रावसोच्या तोंडाकडं बघताना मला एवढंच वाटलं की हा इथून थोडा वेळ तरी जायला पाहिजे.

"माझ्या दुकानातनं चार्जर आणि मोठा मीटर घेऊन ये," मी त्याला स्कूटरची किल्ली दिली. "आणि येताना चहा पिऊन ये. तोंड बघ कसं झालंय."

तो गेल्यावर मी ड्रायव्हरच्या बाजूला जमिनीवर पाठ टेकली आणि स्टेअरिंगखालचं झाकण काढलं. काय दिसणार ते मला ठाऊक होतं. काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेली, काडेपेटीएवढी एक डबी. तिच्या खाली तशीच दुसरी. दोन्हींवरची पट्टी माझ्याच हातची होती. मी शेवटचा वेढा नेहमी उलटा घालतो.

पहिली डबी आण्णांची. भाद्रपदात एका दुपारी ते स्वतः गाडी चालवत माझ्या दुकानी आले होते. तसं ते कधी येत नसत. शटर अर्धं ओढायला लावलं आणि खिशातून ती डबी काढली. गाडी कुठं आहे, कुठं किती वेळ उभी होती, ते मोबाईलवर दाखवणारं यंत्र. "रावसो गाडी कुठं कुठं नेतो, ते मला कळलं पायजे," म्हणाले. "तू आपला माणूस हायस म्हणून तुझ्याकडं आलो." मी दहा मिनिटांत बसवून दिलं.

दुसरी डबी वहिनींची. दिवाळी झाली आणि आण्णा चार दिवस सुरतेला गेले. वहिनींनी हॉर्न दुरुस्तीचं निमित्त करून मला घरी बोलावलं आणि रावसोला मंडईत पिटाळलं. आण्णांनी चातुर्मासात मुनिमहाराजांसमोर नियम घेतला होता, सूर्य मावळल्यावर अन्न नाही, पाणी नाही, आणि पूजेत इंद्र व्हायचं तर तो पुढंही पाळायचा होता. वहिनी म्हणाल्या, "दस्तगीरभाऊ, मला दुसरं काही नको. दिवस मावळल्यावर गाडी कुठं उभी असती, एवढंच मला दिसू दे." मी तीही बसवून दिली. आण्णांची डबी तिथंच आहे, हे मी वहिनींना सांगितलं नाही. वहिनींचं आण्णांना सांगितलं नाही. एवढ्या मोठ्या घराची दोन्ही गुपितं आपल्याकडं आहेत याची मला गंमत वाटायची, खोटं कशाला बोलू. रस्त्यानं ती गाडी गेली की मी दुकानात बसून मनातल्या मनात हसायचो.

आणि गाडी बंद पडू लागली तेव्हा? दोनदा ती कोल्हापूरच्या शोरूमला गेली. जाण्याआधी दोन्ही वेळा आण्णांचा निरोप यायचा, ते काढून ठेव. दुसऱ्या खेपेला वहिनींचाही आला. मी डब्या काढायचो, गाडी शोरूममध्ये आठ आठ दिवस ठणठणीत राहायची, आणि तिथले लोक लिहून द्यायचे की गाडीत काही दोष नाही, वापरणाऱ्याची चूक आहे. गाडी परत आली की मी डब्या पुन्हा बसवायचो. आठवडाभरात गाडी पुन्हा बंद. वापरणारा म्हणजे कोण, तर रावसो. हे सगळं माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलंही होतं, अर्धंमुर्धं. पण एवढ्याशा डबीनं एवढी गाडी बंद पडत नाही, असं मी स्वतःला सांगायचो आणि रावसो दुकानात आला की त्याला सांगायचो, लायटी नीट बघत जा.

रावसो चार्जर घेऊन आला. बॅटरी दुपारपर्यंत भरत ठेवली. तो जेवायला मागं खोलीवर गेला तेव्हा मी बॅटरीची वायर सोडून मध्ये मीटर लावला, दारं बंद केली आणि बाहेर उभा राहिलो. बंद गाडीनं अर्ध्या तासानंतर बॅटरीतून जवळजवळ काही ओढता कामा नये. मीटर चार अँपियर दाखवत होता. तासभर थांबलो, तरी चारच.

मग मी माझ्याच हातांनी दोन्ही डब्यांच्या वायरी कापल्या आणि पुन्हा दारं लावली. वीस मिनिटांनी आत कुठंतरी खट असा बारीक आवाज झाला आणि मीटर शून्याच्या जवळ येऊन थांबला.

तेव्हा मला कळलं. जुन्या गाड्यांत कुठलीही जिवंत वायर धरली तरी चालायचं, त्या सवयीनं मी इथंही हाताला आलेली पहिली वायर सोलली होती. दुसऱ्या वेळी आळस केला आणि त्याच वायरीवर दुसरा जोड मारला. या नव्या गाड्या बंद केल्या की त्यांचा कॉम्प्युटर झोपतो. माझ्या जोडामुळं तो झोपतच नव्हता. बंद करून, कुलूप लावून ठेवलेली गाडी रात्रभर जागी राहायची; आदल्या दिवशी लांब पळालेली असली तर निभायचं, नाही तर सकाळी बॅटरी रिकामी. डब्यांचा दोष थोडा, माझ्या हाताचा जास्त. तीस वर्षं धंदा करून मी शिकाऊ पोरासारखा जोड मारला होता.

रावसो जेवून आला.

"सापडलं?"

"बघालोय," मी म्हणालो. डब्या माझ्या पिशवीत होत्या.

"सापडंल. तुला सापडल्याशिवाय राहायचं न्हाई," तो म्हणाला आणि पायरीवर बसला.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तिथं फक्त आम्ही दोघं होतो. मी बॅटरीचे नट आवळत बसलो.

सहाच्या सुमाराला आण्णा आणि वहिनी परत आले, पाहुण्यांच्या गाडीतून. आण्णांच्या चेहऱ्यावर दिवसभराचं ऊन होतं आणि त्याहून वेगळंही काहीतरी होतं. काय झालं ते मला कारखान्यातल्या माणसाकडून आधीच कळलं होतं. मांडवाच्या तोंडाशी छोटा हत्ती थांबला, इंद्र खाली उतरला, आणि चौगुले सगळ्यांसमोर म्हणाले, "आण्णा, हत्ती लईच बारका आणलासा." मांडव हसला. आण्णा दिवसभर खऱ्या हत्तीवर बसून मिरवले, पण गावानं लक्षात ठेवला तो दुसराच.

आम्हाला आत दिवाणखान्यात बोलावलं. पलीकडं जेवणाच्या टेबलावर ताटं वाढली होती. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं असे. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. आण्णा कोचावर बसले. मी आणि रावसो उभेच.

"रावसो, गेल्या मंगळवारी संध्याकाळी गाडी चौगुल्यांच्या बोळात वीस मिनिटं उभी होती. का?"

रावसोची मान वर आली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी का सांगंना. होती का न्हवती?"

"होती."

"कशाला?"

रावसोनं नव्या शर्टाची बाही खाली ओढली.

"चौगुल्यांची गाठ घेतलीस?"

"न्हाई, आण्णा."

"मग कुणाची घेतलीस?"

रावसो जमिनीकडं बघत राहिला. मला वाटलं, संपलं. माझ्याही मनात पाल चुकचुकली, याचं खरंच काही असेल का. माझ्या पिशवीत दोन डब्या आहेत हे ठाऊक असूनही चुकचुकली.

"दस्तगीर," आण्णा माझ्याकडं वळले, "तू दिवसभर गाडी बघितलीस. सांग. खोट गाडीत हाय का माणसात?"

वहिनींनी दारातून माझ्याकडं पाहिलं. आण्णाही डोळ्यांनी तेच सांगत होते, ते सोडून बाकी बोल. आणि रावसो वाट बघत होता.

"बॅटरी उतरली होती," मी म्हणालो.

"ते सकाळीच कळलं. का उतरली?"

माझ्या गप्प राहण्याचा अर्थ आण्णांनी त्यांच्या सोयीनं लावला.

"ऐकलंस? शोरूमवाले म्हणत्यात गाडीत दोष न्हाई. दस्तगीरलाबी काय सापडलं न्हाई. किल्ली ठेव हितं. आठ दिवसांत खोली रिकामी कर. आणि सायझिंग असोसिएशनच्या बैठकीत तुझं नाव मी स्वतः सांगणार हाय."

रावसोनं किल्ली खिशातून काढली, शर्टाला पुसली आणि समोरच्या टेबलावर ठेवली.

"आण्णा, मी जातो," तो म्हणाला. "पण गाडीकडं माझं दुर्लक्ष झालं असं तेवढं म्हणू नका. दस्तगीरनं शिकवल्याप्रमाणं मी सगळं केलंय. पाहिजे तर त्याला विचारा. सगळ्या लायटी, दारं, डिकी. चार महिने पहाटे चारला उठतोय. त्याच्या सांगण्याबाहेर मी एक काम केलं न्हाई."

त्यानं मला साक्षीला घेतलं होतं. मी पिशवीत हात घातला आणि हाताला लागली ती डबी टेबलावर, किल्लीच्या शेजारी ठेवली.

"खोट गाडीत न्हाई, आण्णा. रावसोतबी न्हाई. माझ्या हातात हाय."

"दस्तगीर," आण्णा इशाऱ्याच्या सुरात म्हणाले.

"ही डबी भाद्रपदात मी बसवली. रावसो गाडी कुठं नेतो ते बघायला. जोड चुकीच्या वायरीवर मारला. त्यानं गाडी रात्रभर जागी राहायची. रावसोनं पहाटे चारला काय, रात्रभर जरी लायटी बघितल्या असत्या तरी सकाळी ती बंदच पडली असती."

रावसो डबीकडं वाकून बघत होता. त्यानं बोट लावलं नाही.

आण्णा पटकन सावरले. "माझी गाडी हाय. मी काय बी बसवीन त्यात. आणि एवढ्याशा डबीनं एवढी गाडी बंद पडती? काय बी सांगतोस होय?"

"एका डबीनं दोनदाच बंद पडली होती, दिवाळीच्या आधी. पुढं जास्त झालं."

"का?"

इथं मी अडकलो. पुढचं सांगायचा मला हक्क नव्हता आणि न सांगता सुटका नव्हती. हात पिशवीतच राहिला. आण्णांनी तो पाहिला.

"अजून काय हाय पिशवीत?"

मी दुसरी डबी बाहेर काढली.

"ही कुणाची?" आण्णांचा आवाज बदलला. त्यांनी आधी रावसोकडं पाहिलं, मग खिडकीतून रस्त्यावरच्या पुढच्या सायझिंगच्या दिशेला पाहिलं. चौगुल्यांची असणार, असंच त्यांना वाटलं असावं. "दस्तगीर, खरं सांग. कुणी बसवायला लावली?"

"माझी हाय," वहिनी दारातूनच म्हणाल्या.

आण्णा वळले नाहीत. "कुणावर नजर ठेवायला?"

"रावसोवर न्हाई."

वहिनी पुढं आल्या, पदर खोचून, अजून इंद्राणीच्याच साडीत. "आणि त्या मंगळवारी रावसोला चौगुल्यांकडं मी पाठवला होता. त्यांची धाकटी सून माझी मावसबहीण हाय. तुम्ही बोलणं बंद केलंसा, मी न्हाई केलं. पूजेची साडी पाठवली तिला. कुणाला सांगू नको, मीच म्हणाले होते. त्यानं न्हाई सांगितलं. खोली जायची वेळ आली तरी न्हाई सांगितलं."

आण्णांच्या चेहऱ्यावर राग येईल असं मला वाटलं होतं. राग आला नाही. त्यांना भीती वाटत होती. दिवाळीपासूनच्या संध्याकाळी ते मनात मोजत होते, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. वहिनींना मोबाईलवर काय काय दिसलं होतं, कुठल्या ढाब्यावर की कुठल्या मळ्यात, ते मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आजही नाही. आण्णांनी टेबलावरच्या पाण्याच्या तांब्याकडं हात नेला, मग खिडकीकडं पाहिलं. बाहेर दिवस मावळला होता. वहिनी त्यांच्याकडंच बघत होत्या. आण्णांनी हात मागं घेतला. ताटं वाढलेली तशीच राहिली त्या दिवशी.

मग आण्णा म्हणाले, "रावसो, किल्ली घे. झालं ते झालं. उद्या पूजेला गाडी तूच घेऊन ये."

रावसोनं किल्लीला हात लावला नाही. तो माझ्याकडं बघत होता.

"कधी बसवलीस म्हणालास?"

"भाद्रपदात."

"आणि ही?"

"दिवाळी झाल्यावर."

तो मनातल्या मनात काहीतरी जुळवत होता. गाडी पहिल्यांदा बंद पडली त्या दिवशी तो थेट माझ्या दुकानी आला होता. पुढं दर वेळी येत राहिला. बाकड्यावर बसायचा, चहा सांगायचा, आणि विचारायचा, दस्तगीर, माझं काय चुकतंय रं? मी त्याला सांगायचो. ते सगळं एकेक करून त्याला आठवत असावं.

"म्हणजे तू मला लायटी बघायला लावत होतास, तवा तुला म्हाईत होतं."

"डबीनं बंद पडती, हे म्हाईत नव्हतं, रावसो. अल्लाशप्पत, आज दुपारी कळलं."

"डबी हाय, हे म्हाईत होतं."

"होतं."

"माझ्यावर बसवलीय, हे बी."

"होय."

तो आणखी काही बोलेल म्हणून मी थांबलो. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यानं आण्णांना नमस्कार केला, वहिनींना केला, आणि मागच्या दारानं खोलीकडं निघून गेला. किल्ली टेबलावर दोन डब्यांच्या शेजारी तशीच पडून होती.

आठ दिवसांत त्यानं खोली सोडली. आण्णांनी असोसिएशनमध्ये त्याचं नाव घेतलं नाही. उलट दोनदा माणूस पाठवून परत बोलावलं, वहिनी तर स्वतः जाऊन आल्या. तो आला नाही. दूध संघाच्या टेंपोवर लागला. ती काळी गाडी त्यानंतर एकदाही बंद पडली नाही. आण्णांची कामं मात्र माझ्याकडं यायची हळूहळू थांबली. त्यांच्या घरातलं मला फार माहीत झालं होतं.

रावसो रोज सकाळी माझ्या दुकानावरून जायचा. मी हात करायचो. तो रस्त्याकडं बघायचा.

दोन वर्षांनी एका सकाळी त्याचा टेंपो बरोबर माझ्या दुकानासमोरच बंद पडला. बॉनेटमधून धूर आला, वायरिंग जळाल्याचा वास मला बाकड्यावर बसल्या जागी आला. मागं दुधाचे कॅन भरलेले, ऊन चढायला लागलेलं. अर्ध्या तासाचं काम होतं. मी पान्यांचा डबा उचलून उभा राहिलो. रावसो खाली उतरला, दुकानाकडं न बघता त्यानं केबिनच्या दाराच्या चौकटीला खांदा लावला, एका हातानं स्टेअरिंग धरलं आणि टेंपो ढकलायला लागला. पुढचा इलेक्ट्रिशियन नाक्यावर, पाऊण किलोमीटरवर होता.

एकट्याला तो टेंपो हलेना. मी डबा खाली ठेवला, मागं गेलो आणि दोन्ही हात लावून जोर दिला. टेंपो चालायला लागला. चार पावलं गेला असेल, तोवर रावसोला हलकं लागलं असावं. त्यानं मान वळवून मागं पाहिलं, आत हात घालून हँडब्रेक ओढला आणि टेंपो थांबवला.

तो पुढं बघत नुसता उभा राहिला. मी हात काढून घेतले आणि फुटपाथवर चढलो, तेव्हा त्यानं ब्रेक सोडला आणि एकटाच पुन्हा ढकलायला लागला.